मदत हवी आहे: शेजारच्या काकांची धडधड, रिपोर्ट मात्र नॉर्मल

नमस्कार. आम्ही अमेरिकेत सेंट लुईसला राहतो. इथे बोस्नियन लोक खूप, १९९२-९५च्या युद्धात घरदार सुटलेले. शेजारचे काका त्यातलेच, प्रियेदोरकडचे. आधी सर्बांच्या ओमार्स्काच्या कैदी छावणीत होते, सुटल्यावर बोस्नियाच्या सैन्यात लढले. वय ६१.

बीपी, शुगर आहेच. मांडीत तोफगोळ्याची कपची अजून आहे. रात्री दोन-अडीचला घामाघूम होऊन उठतात, छाती धडधडते, मग उजाडेपर्यंत अंगणात सिगारेटी. यंदा दोनदा इमर्जन्सीत नेलं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, युद्धाच्या आघातासाठी कुणाला तरी दाखवा. काका भडकले. "माझ्या नसा बिघडल्यात, डोकं नाही!" (त्यांच्याकडे सगळं 'झिव्त्सी'वर, म्हणजे नसांवर जातं. आपल्याकडे पित्तावर जातं तसं.)

दवाखान्यात दुभाष्याचं काम त्यांचाच मुलगा करतो. त्याच्यासमोर काका छावणीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. वाईट स्वप्नं पडतात का? नाही. काकू मात्र मला कॉफी पाजता पाजता सांगतात, रोज ओरडत उठतात म्हणून.

मी भाबडेपणाने माजी सैनिकांच्या इस्पितळात विचारलं. ते अमेरिकी सैन्यातल्यांसाठी. माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतले, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड खिशात असायचं. काकांचं तर सैन्यही आता त्या नावाने उरलेलं नाही.

मुलाला न दुखावता दुभाषी बदलता येईल का? आणि 'मानसोपचार' हा शब्द न काढता सुरुवात कशी करायची?

प्रतिसाद १: केंद्राचा पैसा घेणाऱ्या इस्पितळाला दुभाषी फुकट द्यावाच लागतो, १९६४च्या नागरी हक्क कायद्यामुळे. फोनवरचा मागा, समोरचा ओळखीचा निघायला नको. बोस्नियनच हवा असं स्पष्ट सांगा. भाषा जवळपास एकच असल्याने सर्बियनही चालेल असं त्यांना वाटेल, पण तो उच्चार ऐकून काका मिटतील. सुरुवात झोपेपासून करा. घोरत असतील तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याची) तपासणी मागा. वर्षानुवर्षं शरीर सावध राहिलं की बीपीही वर राहतं, हे 'नसा' म्हणूनच समजवा. प्राझोसिन ही मुळात बीपीची गोळी, काहींना दुःस्वप्नांसाठी देतात. डॉक्टरांना विचारा, स्वतःहून नको. छातीत दुखलं तर मात्र इमर्जन्सीच, मागचे रिपोर्ट काहीही असोत.

धागाकर्ती: फोनचं सुचलंच नव्हतं! काकूंना आजच सांगते. अजून एक: उद्या कुणी एमआरआय सांगितला, तर ती कपची आधी सांगायला हवी ना? मुलाला तिचा पत्ताच नाही.