अनुभव धागा : २०२४ चा तुमचा पॉप अल्बम (अख्खा ऐकलेला, शफल बंद करून)

घाटमाथा (धागाकर्ता), पुणे

डिसेंबर संपत आला की याद्यांचा पाऊस सुरू होतो. टॉप टेन, टॉप फिफ्टी, शिवाय ॲपने आपोआप काढून दिलेली आपली वार्षिक कुंडली. त्यातलं इथे काही नको. २०२४ मध्ये आलेला कुठला पॉप अल्बम तुम्ही पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, गायकाने लावलेल्या क्रमाने ऐकलात आणि पुन्हा पुन्हा ऐकलात, तेवढंच लिहा. एखादं गाणं रीलवर ऐकून आवडलं असेल तर आनंद आहे, पण त्याला वेगळा धागा काढा. 'हल्लीचं संगीत म्हणजे नुसता धांगडधिंगा' हे मत आधीच नोंदवून घेतलं आहे, कृपया पुन्हा नोंदवू नये.

माझ्यापासून सुरुवात. बिली आयलिश, 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट', १७ मे. अल्बम येण्याआधी हिने एकही गाणं सुटं सोडलं नाही. एवढ्या मोठ्या गायिकेच्या बाबतीत हे आता सहसा कोणी करत नाही. आधी तीन-चार सिंगल सोडून बाजार तापवायचा आणि मग अल्बम, अशी रीत आहे. इथे दहा गाणी, पाऊण तासाला जेमतेम कमी, आणि सगळी एकदम हातात. संगीत भाऊ फिनियसचं, तंतुवाद्यं अटाका क्वार्टेटची.

यातलं 'लामूर द मा व्ही' नीट ऐका. सुरुवात जुन्या हॉटेलात कोपऱ्यात बसून वाजवणाऱ्या जाझवाल्यांसारखी. डुलत डुलत, अगदी सभ्यपणे ती आधीच्या प्रियकराला सांगते की तू माझ्या आयुष्यातलं एकमेव प्रेम आहेस म्हणाले होते ना, ते खोटं होतं. अर्ध्याच्या पुढे गाणं थांबल्यासारखं होतं आणि तिथून थेट ऐंशीच्या दशकातला सिंथ धावायला लागतो, आवाजही यंत्रातून काढलेला. एक्स्प्रेसवेवर बसमध्ये पहिल्यांदा ऐकताना मी फोन काढून बघितलं की ॲपने दुसरं गाणं लावलं की काय. गाणं तेच होतं. शेवटच्या 'ब्लू'मध्ये सगळं विझत आल्यावर ती विचारते, पुढचं कधी ऐकायला मिळणार? क्रमाने ऐकलं तरच त्या प्रश्नाची गंमत आहे, कारण पुढे काही नसतं. 'बर्ड्स ऑफ अ फेदर'चा प्रत्येक कॅफेने वाजवून वाजवून चोथा केलाय, त्याला इलाज नाही. 'लंच' मला आजही भरतीचं वाटतं. मारा दगड.

संत्रानगरी, नागपूर

१९ एप्रिल. लोकसभेचा पहिला टप्पा, आमच्याकडे मतदान. त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' न्यूयॉर्कच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या सकाळी साडेनऊला आला. ऊन चढायच्या आत बोटाला शाई लावून घरी आले, कूलरसमोर बसले, सोळा गाणी ऐकली. 'सो लाँग, लंडन'ला डोळे भरून आले. (स्विफ्टवाल्यांना माहीत आहे, पाचव्या नंबरला ती नेहमी सगळ्यात दुखरं गाणं ठेवते.) संपवून जेवायचं बघावं तर साडेअकराला बाईंनी आणखी पंधरा टाकली! एकूण ३१, दोन तासांच्या वर. "काहून एवढी गाणी बाप्पा, मैत्रिणीच नाहीत का तिले सांगायला?" ही आईची समीक्षा. वर्षभरात वाचलेल्यांपैकी हीच सगळ्यात नेमकी निघाली.

माझं मत : कात्री हवी होती, पण ती लोक म्हणतात तिथे नाही. पहिल्या सोळातली चार-पाच उडवा आणि नंतरच्या पंधरातली शांत, पियानोवरची गाणी वर आणा. शेवटचं 'द मॅन्युस्क्रिप्ट' बहुतेकांनी ऐकलेलंच नाही, कारण तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. धागाकर्त्याची अट पाळणारी मी घरात एकटीच.

ओलं_छप्पर, लेस्टर

चार्ली एक्ससीएक्स, 'ब्रॅट', ७ जून. इथे ब्रिटनमध्ये उन्हाळाभर दुसरं काही नव्हतंच. मुखपृष्ठावरचा तो डोळ्यांना खुपणारा पोपटी चौकोन आणि मध्ये फिसकटलेली काळी अक्षरं दुकानांच्या पाट्यांवर, टी-शर्टांवर, जुलैत तर कमला हॅरिसच्या प्रचारातही. कॉलिन्स शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून 'ब्रॅट'च निवडला. एवढा गाजावाजा झाला की मी मुद्दाम लांब राहिले होते. ऑफिसातल्या एका मुलीने हेडफोन कानात घातले तेव्हा ऐकला.

वरवर हा निव्वळ क्लबचा अल्बम. ठोका, ठोका आणि ठोका. पण आत बाई सारखी स्वतःला खात असते. दुसरीचं यश बघून पोटात कळ येते, हे सांगते. २०२१ मध्ये गेलेल्या सोफी या संगीतकार मैत्रिणीसाठी 'सो आय' आहे; ती हयात असताना आपण तिच्यापासून अंतर ठेवून वागलो, याची टोचणी त्यात आहे. आणि चौदावं गाणं, 'आय थिंक अबाउट इट ऑल द टाइम'. स्टॉकहोमला मैत्रिणीचं बाळ बघायला जाते आणि परत येताना डोक्यात एकच : मला मूल हवंय का? करिअरचं काय? वेळ निघून चाललीय का? सूर असा की कोणीतरी फोनवर व्हॉइस नोट टाकतंय. यमकाची फिकीर नाही, सजावट नाही.

मी चौतिशीची. दर रविवारी साताऱ्याहून आत्याचा फोन येतो, त्यात हवापाण्यानंतर "आता मनावर घ्या बरं दोघांनी" हे ठरलेलं. आत्याचा आवाज इतका मायेचा असतो की रागावताही येत नाही. नवऱ्याशी या विषयावर बोलणं म्हणजे दोन मिनिटांत गॅसचं बिल भरायचं राहिलंय हे आठवणं. तर ते गाणं आम्ही दोघांनी गाडीत ऐकलं आणि तो म्हणाला, "मीपण." एवढंच. त्यानंतर मात्र बोललो, बरंच. काय ठरलं ते इथे लिहिणार नाही, आत्याला धाग्याची लिंक पाठवणारे महाभाग आहेत.

मुद्दा क्रमाचा. या गाण्यानंतर लगेच '३६५' येतं, म्हणजे पहिल्या '३६०'चंच पिसाळलेलं रूप. एवढं मनातलं बोलून झाल्यावर बाई तडक परत पार्टीत! उत्तर नाहीच. शफलवर हे कधी कळलं नसतं.

आणखी एक. चार्लीची आई युगांडातल्या गुजराती कुटुंबातली. आई-बापांकडून आपल्यात काय काय उतरलं, हे 'ॲपल'मध्ये आहे. लेस्टरमध्ये युगांडाहून आलेली गुजराती घरं ढिगाने. आमच्या घरमालकीणबाई त्यातल्याच. त्यांना मी ही माहिती दिली तर म्हणाल्या, "मग लग्नात गरबा केला असेल ना तिने?" तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, ते सांगितल्यावर त्यांचा त्या अल्बममधला रस संपला.

पेन्सिलबॉक्स, ठाणे

सब्रिना कार्पेंटर, 'शॉर्ट एन स्वीट'. बारा गाणी, ३६ मिनिटं. घोडबंदर रोडला एका जॅममध्ये सहज बसतो. गाणी चुरचुरीत, आवाज साखरेचा, आणि शब्द... लेक आठवीत आहे. ती बिनदिक्कत गाते आणि मला नेमका त्या त्या ओळीला खोकला येतो. तिला सगळं कळतं आणि मला खोकला का येतो हेही कळतं, असा माझा संशय आहे. दिवाळीत मात्र पक्षांतर झालं. सोसायटीच्या आवारात सगळी पोरं हातावर हात रचून कोरियन पॉपवाली रोझे आणि ब्रूनो मार्स यांच्या 'आपाट' गाण्याचा खेळ खेळत होती. डिसेंबरात रोझेचा अख्खा अल्बम आला. तो सगळा प्रेमभंग आहे, 'आपाट'सारखं त्यात दुसरं काही नाही. लेक नाराज. मला आवडला.

कळपट्टी, विरार (मूळ चिपळूण)

मी बेंजो वाजवतो. आमचा बेंजो, मिरवणुकीतला : कळांचा, पिकअप बसवून ॲम्प्लिफायरला जोडलेला बुलबुलतरंग. त्यामुळे बियॉन्सेच्या 'टेक्सास होल्ड एम'ची सुरुवात ऐकली तेव्हा कान टवकारले. ती पाचतारी बेंजो वाजवणारी रायनन गिडन्स. या बाईने वर्षानुवर्षं एकच गोष्ट लोकांच्या गळी उतरवली आहे : बेंजो अमेरिकेत आणला तो गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी, दुधीभोपळ्याला कातडं आणि तारा लावून. पुढे तो गोऱ्यांच्या कंट्री, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या संगीताची खूण ठरला आणि ज्यांचा होता ते फोटोतून गेले.

'काउबॉय कार्टर' (२९ मार्च) हा सगळा त्यावरच आहे. बियॉन्से ह्यूस्टनची. २०१६ मध्ये कंट्रीवाल्यांच्या पुरस्कार सोहळ्यात गायली तेव्हा 'ही इथे कशाला' असा सूर निघाला होता. आठ वर्षांनी तिने २७ ट्रॅकचं उत्तर दिलं. मधेमधे लिंडा मार्टेल बोलतात. ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या मानाच्या कार्यक्रमाच्या मंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, १९६९ मधली. एक अल्बम निघाला आणि पुढे त्या क्षेत्रात त्यांना कोणी उभं केलं नाही. बीटल्सचं 'ब्लॅकबर्ड' गायला बियॉन्सेने कंट्रीतल्या चार तरुण कृष्णवर्णीय गायिका सोबत घेतल्या आहेत. नोव्हेंबरच्या त्याच कंट्री पुरस्कारांत (सीएमए) या अल्बमला एकही नामांकन नव्हतं, ग्रॅमीत तिला अकरा मिळाली.

अख्खा ऐकायला सव्वा तासाच्या वर लागतो आणि मधे तो रेंगाळतो, हे कबूल. पण 'या या' लावा आणि पाय स्थिर ठेवून दाखवा. गणपतीत आमच्या पोरांना मी त्याचा तुकडा बसवायला लावला. आगमनाला वाजवला, मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "हे कुठल्या पिक्चरचं?"

तिरपा_डोळा, कोल्हापूर

चॅपल रोनचं नाव कोणीच घेत नाही? 'द राइज अँड फॉल ऑफ अ मिडवेस्ट प्रिन्सेस'. हे वर्ष तिचं होतं राव!

घाटमाथा (धागाकर्ता)

सप्टेंबर २०२३. बाद.

तिरपा_डोळा, कोल्हापूर

निघाला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. २०२४ मध्ये ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या कार्यक्रमांआधी गायली, मग महोत्सवांत ही गर्दी, ऑगस्टमध्ये अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकी यादीत दुसऱ्या नंबरला. लोकांनी ऐकला ते वर्ष धरा की, छापलं ते काय धरताय. तुमच्या कोर्टात अपील आहे का?

घाटमाथा (धागाकर्ता)

नाही. पण धाग्यावर राहू दे.

शेवटची_लोकल, डोंबिवली

दुआ लिपा, 'रॅडिकल ऑप्टिमिझम'. खरं सांगायचं तर अल्बम मध्यम. 'हुडिनी' आणि 'ट्रेनिंग सीझन' सोडली तर बाकीचं ऐकताना भांडी घासून होतात. तरी तोच लिहितो, कारण ३० नोव्हेंबरला बीकेसीच्या मैदानात होतो. 'लेव्हिटेटिंग' चालू असताना मधेच 'वो लडकी जो' घुसलं. नेटवर कोणीतरी जोडलेली ती भेसळ आपण सगळ्यांनी पाहिलेली. ती बाई स्वतः मंचावर वाजवेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला. नंतर रिक्षा मिळेना, कुर्ल्यापर्यंत पायपीट, तिथेही लोक तेच गात होते. अल्बमला दहापैकी सहा, पायपिटीला नऊ.

केळीचं_पान, जळगाव

सगळं इंग्रजीच चाललंय म्हणून लिहितो. यंदाचं सगळ्यात मोठं मराठी पॉप गाणं आमच्या जिल्ह्यातल्या पोराचं, संजू राठोडचं 'गुलाबी साडी'. लग्न, हळदी, कॉलेजचं गॅदरिंग, सगळीकडे तेच. पण धागाकर्त्याच्या अटीत ते बसत नाही, कारण अल्बमच नाही. मराठी पॉपमध्ये आता एक गाणं, एक व्हिडिओ, पुढच्या महिन्यात दुसरं. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या 'गारवा'ची कॅसेट आठवा : आधी कविता, मग गाणं, परत कविता. पुढे सरकवायची कोणाची छाती नव्हती. आज तसं करायला पैसे कोण घालणार हे मला कळतं. पण चाळीस मिनिटं सलग ऐकावं असं मराठीत यंदा कोणाला काही सापडलं असेल तर लिहा. टोमणा नाही, खरंच हवंय.

पुरणयंत्र, दुबई

आरियाना ग्रांडेचा 'इटर्नल सनशाइन', ८ मार्च. घटस्फोटानंतरचा अल्बम, पस्तीसेक मिनिटं, निर्माता मॅक्स मार्टिनची सफाईदार घडण. अगदी शेवटी तिची आजी बोलते. झोपण्यापूर्वी ज्याचा मुका घ्यावासा वाटत नाही अशा माणसापाशी राहू नकोस, अशा अर्थाचं. बस, अल्बम संपला. माझ्या आजीने हाच सल्ला "रोज भाकरी वाढताना हात आखडतोय का बघ" असा दिला असता. दोघींचं पटलं असतं.

मंद_आच, अंधेरी

क्लेरोचा 'चार्म', १२ जुलै. त्या शुक्रवारी बीकेसीत एका लग्नापायी रस्ते बंद, ऑफिसने घरून काम दिलं, आणि मी हा अल्बम दिवसभर लावून ठेवला. निर्माता लिओन मायकेल्सबरोबर तिने तो जुन्या पद्धतीने, वादकांना एकत्र बसवून टेपवर ध्वनिमुद्रित केला आहे. त्यामुळे बासरी आणि इलेक्ट्रिक पियानो एकाच खोलीत आहेत हे ऐकू येतं. गाणारी तर कानाशी कुजबुजते, आवाज चढवतच नाही. ड्रमवाल्याचा हात इतका हलका की दोन घरं पलीकडच्या कुकरच्या शिट्टीने झाकला जातो, म्हणून हेडफोन हवेत. मायकेल्सनेच घडवलेला नोरा जोन्सचा 'व्हिजन्स' यंदाचाच, तोही ऐकून झाला. या वळणाचं आणखी काही कोणाला माहीत आहे का? फक्त बासरी जास्त हवी.