सगळ्यांना सारखं वागवलं की झालं?

रात्रपाळी: इथे काल कुणीतरी लिहिलंय, की नर्सने सलाईन नीट लावावी, रुग्णाची संस्कृती समजून घेत बसणं तिचं काम नाही, सगळ्यांना सारखं वागवलं की झालं. एकोणीस वर्षं वॉर्डात काढल्यावर हे वाचून गप्प बसवेना. आमच्याकडे एक आजी होत्या. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बदलायला ब्रदर (पुरुष नर्स) गेला की पाय आवळून घ्यायच्या, तोंडातून शब्द नाही. केसपेपरवर आलं, ‘सहकार्य करत नाही’. तीन पाळ्या हँडओव्हरमध्ये तेच वाक्य पुढे सरकलं. चौथ्या पाळीला मी पडदा ओढला, ब्रदरला बाहेर पाठवलं, पाच मिनिटांत काम झालं. सारखी वागणूक तर त्यांना मिळतच होती! अमेरिकेतल्या नर्स मॅडलिन लेनिंगरबाईंना हेच 1950च्या दशकात दिसलं होतं. मुलांच्या मानसोपचार केंद्रात काळजी एकच, पण वेगवेगळ्या समाजांतली मुलं वेगवेगळी वागत. म्हणून त्या मानववंशशास्त्र शिकल्या.

साधा_स्टाफ: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. मीही नर्स आहे. प्रशिक्षणात आम्हाला काय मिळतं, तर तक्ते. अमुक समाज वेदना बोलून दाखवत नाही, तमुक वाढवून सांगतो. पिअर्सन या प्रकाशन कंपनीच्या नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात असंच पान होतं, 2017 साली ओरड झाल्यावर माफी मागून काढावं लागलं. असलं ज्ञान घेऊन वेदनाशामक द्यायचं? त्यापेक्षा सारखं वागवलेलं बरं.

रात्रपाळी: तक्ता मलाही नको. पण म्हणून विचारणंच सोडायचं? न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी नर्सने मुद्दा उलटा मांडला. काळजी सुरक्षित वाटली की नाही हे घेणाऱ्याने ठरवायचं, नर्सने आधी स्वतःचे समज तपासायचे. 1992 पासून तिथल्या नर्सिंग शिक्षणात ते आहे.

तिसरी_खाट: तुम्ही दोघंही भाषेबद्दल बोलतच नाही. मी चौदा वर्षांची असताना आईची दुभाषी होते. वॉर्डातली भाषा तिला येत नव्हती. आजार पसरलाय, असं डॉक्टर म्हणाले. मी आईला सांगितलं, सूज आहे. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. एवढ्या लांब वाक्याचं भाषांतर दोन शब्दांत कसं झालं, हे कुणी विचारलं नाही.

साधा_स्टाफ: वाईट वाटलं. पण रात्री दोन वाजता मी दुभाषी कुठून आणू? हाताशी असतं ते घरचंच माणूस.

तिसरी_खाट: ‘घरचं माणूस’ म्हणजे एक पोर होतं! ऑस्ट्रेलियात 1973 पासून फोनवर दुभाषी मिळतो. सोय करता येते, करायची नसते एवढंच.

साधा_स्टाफ: मग ते व्यवस्थापनाला सुनवा. फोन मी विकत घ्यायचा का? प्रत्येक उणिवेचं खापर सिस्टरच्याच डोक्यावर.

मधला_बाक: मला मात्र नातेवाईकच हवेत. वडिलांना काही कळू द्यायचं नाही हे आम्ही घरात ठरवलं होतं. एका नर्सने थेट त्यांनाच सांगितलं. आजही राग आहे.

तिसरी_खाट: वडिलांना काय हवं होतं, ते त्यांना विचारलंत?

मधला_बाक: ते माझे वडील होते. तुम्ही मला शिकवू नका.

रात्रपाळी: दोघंही थांबा. मी दाखल करतानाच विचारते, निदान तुम्हाला सांगू की आणखी कुणाला, आणि उत्तर केसपेपरवर लिहिते. एक मिनिट लागतं. भाषा येत नसेल तर मात्र हा प्रश्नही नातेवाइकाच्याच तोंडून जातो, आणि तिथे मी अडते.

साधा_स्टाफ: तो एक प्रश्न मान्य. पोरांकडून भाषांतर नको, तेही मान्य. तक्त्यांबद्दल माझं मत तेच आहे, आणि ते एक मिनिट प्रत्येक पाळीत असतं असं समजू नका.

मधला_बाक: आम्हाला तो प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर बाबांनी काय सांगितलं असतं, मला खरंच माहीत नाही.

तिसरी_खाट: आईला मी शेवटपर्यंत सूजच सांगत राहिले.