सल्ला हवा आहे : नॅसवरच्या व्हीएम सकाळी दहाला रांगतात, १० गिगाबिट घेऊ का?

भोसरीकर
मंडळी, नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं टूलरूम आहे. आयटीला वेगळा माणूस नाही, त्यामुळे ते काम आपसूक माझ्या गळ्यात. दोन सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर), त्यांवर मिळून ९ व्हीएम, म्हणजे असे आभासी संगणक: टॅली, एसक्यूएल सर्व्हरवरचं ईआरपी, ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर, बाकी किरकोळ. सगळ्यांच्या डिस्क एकाच ट्रूनॅसच्या खोक्यावर (हाच आमचा नॅस, नेटवर्कवरचा सामायिक साठा), एनएफएस या फाइल शेअरिंगच्या पद्धतीने. खोक्यात ४ टीबीच्या ६ डिस्क (७२०० आरपीएम), रेडझेड२ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो), ३२ जीबी रॅम. स्विच साधा गिगाबिट.

दुपारी बरं चालतं. सकाळी साडेनऊ-दहाला सगळे कामाला बसले की रांगायला लागतं. टॅलीत एक व्हाउचर सेव्ह व्हायला दहा सेकंद. अकाउंट्सच्या मॅडम दिसल्या की मी जिना बदलतो.

व्हेंडर म्हणतो, गिगाबिट पुरत नाही, १० गिगाबिट टाका. स्विच, कार्डं, केबली धरून साठ हजारांचं कोटेशन आहे. मालक म्हणजे माझे काका. ते एवढंच विचारतात, "नक्की फरक पडेल ना?" काय सांगू?

मुठाकाठ
घ्या की १० गिगाबिट. आज ना उद्या लागणारच आहे. आणि एमटीयू (नेटवर्कवरच्या एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० करा, आमच्याकडे फरक पडला होता.

रात्रपाळी
थांबा, साठ हजार अजून खिशातच राहू द्या. आधी दोन आकडे सांगा. दहा वाजता ट्रूनॅसच्या ग्राफमध्ये नेटवर्क किती वापरलं जातंय? आणि प्रॉक्समॉक्सच्या समरीत 'आयओ डिले' (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ) किती टक्के? गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. नेटवर्कची रेघ तिथे जाऊन टेकत असेल तर व्हेंडरचं बरोबर.

@मुठाकाठ, एमटीयू होस्ट (प्रॉक्समॉक्सचे सर्व्हर), स्विच आणि नॅस तिन्हीकडे सारखं नसेल तर एनएफएस मधेच लटकतं आणि कारण शोधताना दोन दिवस जातात. बदललंच तर ८९७२ बाइटचा पिंग तुकडे न पाडता पलीकडे पोचतो का ते बघायचं.

भोसरीकर
आज सकाळी रॅकसमोर स्टूल टाकूनच बसलो. नेटवर्क ११ एमबी, फार तर १२. आयओ डिले चाळीस टक्क्यांवर. सहाही डिस्क शंभर टक्के बिझी. म्हणजे पाइप रिकामाच?

रात्रपाळी
रिकामाच. वेळ जातोय तो डिस्कची वाट बघण्यात. जरा हिशोब करू.

७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलीसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४ मिलीसेकंद. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर न्यायला ८-९. एकूण १२-१३ धरा. म्हणजे विखुरलेली कामं एक डिस्क सेकंदाला ७५-८० करते, त्यापलीकडे तिची धाव नाही. आणि रेडझेड२ मध्ये एकेक ब्लॉक सगळ्या डिस्कवर पसरलेला असतो, म्हणून अशा कामांना सहा डिस्कचा अख्खा गट साधारण एका डिस्कइतकाच वेग देतो. मोठी फाइल सलग कॉपी करताना सहाही जोरात पळतात. व्हेंडर लोक तेवढंच करून दाखवतात आणि जातात.

तुमच्या ९ व्हीएम या ८० आयओपीएसवर, म्हणजे सेकंदाला ८० कामांवर, जगतायत. ४ केबीच्या तुकड्यांनी लिहिलं तर ८० गुणिले ४, सेकंदाला ३२० केबी! (११ एमबी दिसतात कारण सगळी कामं ४ केबीची नसतात आणि बरंचसं वाचन रॅममधूनच भागतं.)

त्यात एनएफएस. प्रॉक्समॉक्सचा डीफॉल्ट 'नो कॅश' आहे, त्यामुळे नॅसने "डिस्कवर पोचलं" म्हणेपर्यंत प्रत्येक लिखाण अडून राहतं. तुमचा लॅनवरचा पिंग ०.२ मिलीसेकंद असेल. साठ हजार घालून त्या ०.२ मधलं थोडंसं वाचवाल, डिस्कचे १२ तसेच राहतील. सातारा रोड सहापदरी केला आणि नाक्यावर खिडकी एकच उघडी, तसं.

खिळेमोळे
फुकटातला उपाय: ट्रूनॅसमध्ये व्हीएमच्या त्या डेटासेटचं (फोल्डरचं) सिंक, म्हणजे लिखाण डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं, 'डिसेबल्ड' करा. विमान होतं.

पेठेतला_पिंपळ
दोन मिनिटं तपासण्यापुरतं ठीक, मुक्कामाला नको. हा शहाणपणा मी करून बसलोय. गुरुवारी दुपारी लाइट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली होती आणि ते मला माहीत नव्हतं. झेडएफएसचा (ट्रूनॅसची फाइल सिस्टिम) पूल, म्हणजे डिस्कचा गट, स्वतः ठणठणीत, एकही एरर नाही. पण रॅममध्ये पडून असलेली शेवटची काही सेकंदं गेली. डेटाबेसच्या लेखी नोंद झालेली होती, डिस्कवर मात्र नव्हती. एसक्यूएल 'सस्पेक्ट' दाखवायला लागला आणि रात्री अडीच वाजता मी आदल्या दिवशीचा बॅकअप चढवत बसलो होतो. दिवसभराची बिलं मुलींनी परत घातली. त्या आजही ऐकवतात.

भोसरीकर, एक विचारायचं राहिलं. टॅलीची व्हीएम जुन्या मशीनवरून उचललेली आहे का? असेल तर तिची डिस्क 'आयडीई' म्हणून, म्हणजे जुन्या, संथ जोडणीने, लागलेली असण्याची दाट शक्यता आहे. ती व्हर्टआयओ स्कझीवर (व्हीएमसाठीच बनवलेली वेगवान जोडणी) न्या. पण थेट बदलू नका, विंडोज निळी पडेल. आधी १ जीबीची दुसरी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, ड्रायव्हर बसू द्या, मग मूळ डिस्क हलवा.

भोसरीकर
आयडीईच निघाली! तीन वर्षं तशीच चालली होती.

सिंक बंद करून दोन मिनिटं पाहिलं, व्हाउचर झटक्यात सेव्ह झालं. लगेच पूर्ववत केलं. देवा शप्पथ.

नवशिकी_ऋ
मग ५०० जीबीची साधी एनव्हीएमई एसएसडी घेऊन स्लॉग (सिंक लिखाण आधी टिपून ठेवणारी वेगळी डिस्क) म्हणून लावली तर? आणि एनएफएस सोडून आयस्कझी (नॅसवरची जागा सरळ डिस्क म्हणून देणारी पद्धत) केलं तर?

रात्रपाळी
स्लॉगला ५०० जीबी कशाला? झेडएफएस साधारण दर ५ सेकंदांनी रॅममधला माल डिस्कवर उतरवतो. गिगाबिटने ५ सेकंदांत येऊन येऊन येणार किती, ६२५ एमबी. दुप्पट-तिप्पट धरा, २ जीबी पुरतात. तिथे आकारापेक्षा लाइट जाताना हातातलं लिखाण पुरं करणारे कपॅसिटर महत्त्वाचे. साध्या एनव्हीएमईत ते नसतात, आणि सिंक लिखाणाला तिचाही वेग चांगलाच घसरतो. ऑप्टेन या कामाला फर्मास होतं, पण इंटेलने २०२२ मध्ये तो धंदाच गुंडाळला. आता मिळेल तो उरलासुरला माल.

शिवाय स्लॉग म्हणजे राइट कॅश नव्हे. माल शेवटी रॅममधून त्याच सहा डिस्कवर जायचाय. वाचनाला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

आयस्कझीत गेस्टने (व्हीएमने) फ्लश मागितला, म्हणजे 'आत्ताच डिस्कवर उतरव' म्हटलं, तरच नॅस अडतो, म्हणून वेग जास्त वाटतो. पण एसक्यूएलचा लॉग फ्लश मागतच असतो. तो तिथेही अडणार.

माझं मत: व्हीएमसाठी डेटा सेंटरवाल्या दोन एसएसडी मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा). सेकंडहँड असल्या तरी चालतील, फक्त स्मार्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी) किती झिजल्यात ते बघून घ्या. ड्रॉइंग आणि बॅकअप जुन्या डिस्कवर राहू देत. सगळं त्याच सहांवर ठेवायचं असेल तर तीन मिरर जोड्या करा: जागा १६ ऐवजी १२ टीबी, पण लिखाण तीन डिस्कच्या वेगाने, वाचन सहांच्या. त्यासाठी पूल मोडून नव्याने बांधावा लागेल. आणि बॅकअपची एक प्रत या खोक्याबाहेर हवी, स्नॅपशॉट (त्याच डिस्कवर राहणारी त्या क्षणाची प्रत) त्यात धरू नका.

भोसरीकर
(तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.)
इंटेल डीसी एस३६१०, १.६ टीबीच्या दोन, वापरलेल्या, ऑनलाइन मिळाल्या. साटा पॉवरची केबल तेवढी तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणली. रविवारी व्हीएम हलवल्या, चालू असतानाच हलल्या. आयओ डिले चाळीसवरून दोन-तीन टक्क्यांवर. मॅडमनी स्वतःहून चहा सांगितला.

एक गंमत मात्र झाली. आता सकाळी नेटवर्कची रेघ ११० एमबीला टेकते.

मुठाकाठ
मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हटलं होतं?

रात्रपाळी
हो, हो, मान्य. पण स्विच तरीही नको. होस्ट दोनच आहेत ना? नॅसमध्ये दोन पोर्टचं वापरलेलं एसएफपी प्लस (१० गिगाबिटचं) कार्ड, दोन्ही होस्टमध्ये एकेक, आणि मधे दोन डीएसी (तांब्याच्या) केबली थेट. नॅसवर दोन्ही पोर्टचा ब्रिज करा, म्हणजे दोन्ही होस्टना नॅसचा पत्ता एकच राहील. आधी मोकळे पीसीआयई स्लॉट मोजा.

भोसरीकर
मोजले. नॅसमध्ये एक मोकळा आहे, एका होस्टमध्ये जुनं ग्राफिक्स कार्ड उगाच बसलंय. ते काढतो. काकांना अजून सांगितलेलं नाही, त्यांच्या मते विषय संपलाय.

नवशिकी_ऋ
ते ग्राफिक्स कार्ड विकणार असाल तर व्यनि करा. मी पिंपरीतच आहे.