झेंडूला कामाला लावलंय, पण तो काम करतोय का?

चिखलपाय
गेली चार वर्षं टोमॅटो-वांग्यांच्या वाफ्याभोवती मी झेंडू लावतोय. का, तर म्हणे त्याच्या वासानं कीड फिरकत नाही. यंदा टोमॅटोत फळ पोखरणारी अळी, वांग्याचे शेंडे पोखरलेले, आणि खुद्द झेंडूवर लाल कोळी. झेंडू वाळायला लागल्यावर तो कोळी वांग्यावर आला. राखणदारानंच चोराला घर दाखवलं.

टोमॅटोला तुळस हवी, गाजराला कांदा हवा, अमक्याला पुदिना चालत नाही अशा याद्या सगळीकडे फिरतात. त्या म्हणजे रोपांच्या पत्रिका जुळवणं आहे. किती गुण जुळले ते सगळे सांगतात, संसार कसा झाला ते कुणी सांगत नाही. माझं मत : जागा कमी असेल तर ती पिकाला द्या, आणि रोज सकाळी पानं उलटून बघा. कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर मांडा, फक्त ‘आमच्याकडे चालतं’ याच्या पुढे जा.

वाफेकरीण
साफ असहमत. पत्रिकेची उपमा झकास, पण झेंडूवर अन्याय करताय. टोमॅटोत झेंडू कीड हाकलायला लावतच नाहीत, बोलवायला लावतात. ते सापळा पीक आहे. घाटेअळीच्या, म्हणजे तुमच्या त्या फळ पोखरणाऱ्या अळीच्या, पतंगाला झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालायला आवडतं, म्हणून तो टोमॅटोऐवजी तिकडे वळावा हा हेतू.

बंगळूरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची शिफारस आहे : टोमॅटोच्या १६ ओळींमागे आफ्रिकन झेंडूची १ ओळ, आणि लागवडीच्या वेळी झेंडूचं रोप ४० दिवसांचं, टोमॅटोचं २५ दिवसांचं. हा पंधरवड्याचा फरक फार महत्त्वाचा. टोमॅटोला फुलं लागतील तेव्हा झेंडूही फुललेला हवा. दादा, तुम्ही दोन्ही एकाच दिवशी लावलं होतं ना?

चिखलपाय
लावलं होतं. चूक कबूल.

पण ताई, १६ ओळी? माझ्या सगळ्या मिळून चार आहेत. शेताचं गणित परसबागेत आणलं की असंच होतं. रात्रभर उडणाऱ्या पतंगाला हातभर अंतरावरचा झेंडू आणि टोमॅटो यांत फरक तो काय? मला तर वाटतं आपण त्याला आमंत्रण देऊन वर बसायला पाट मांडतो.

वाफेकरीण
लहान जागेत सापळा पिकाचा जोर कमी पडतो, हे मान्य. म्हणून ते सगळंच थोतांड होत नाही. कोबीचं बघा. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी सांगतात : एक कोबीच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी, कारण पहिली मोहरी म्हातारी झाली की पतंग पुन्हा कोबीकडे वळतो. मात्र मोहरीवर जमलेली कीड तिथंच मारावी लागते. ती मारली नाही तर तुम्ही सापळा नाही, पाळणाघर चालवताय. निम्म्या लोकांचं घोडं इथंच पेंड खातं.

भिंगवाला
तुम्ही दोघंही वासाभोवती फिरताय, म्हणून जरा वेगळी बाजू मांडतो. लांबेल, पण वाचा.

इंग्लंडमध्ये वेल्सबर्नला स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर यांनी कोबीच्या मुळांवर जगणाऱ्या माशीवर बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं असं : कोबीचा वास आला की माशी खाली उतरते, पण उतरते हिरव्या रंगावर. मोकळ्या मातीवर ती उतरत नाही. स्वच्छ खुरपलेल्या वाफ्यात हिरवं काय असतं? फक्त कोबी. म्हणजे प्रत्येक वेळी ती बरोबर जागी. उतरल्यावर पायांनी पानाची चव घेते, जराशी उडते, पुन्हा उतरते, पुन्हा चव. अशी लागोपाठ काही वेळा खात्री पटली तरच बुंध्याशी अंडी. मधे दुसऱ्याच कशाच्या पानावर पाय पडला, की गणती पुन्हा पहिल्यापासून. एक-दोनदा असं झालं की ती कंटाळून निघून जाते (कंटाळते हे माझं, त्यांचं नाही).

मोकळ्या मातीतल्या कोबीवर उतरलेल्या माश्यांपैकी ३६ टक्क्यांनी अंडी घातली. भोवती क्लोव्हर (जमिनीलगत वाढणारं चाऱ्याचं पीक) असताना ७ टक्क्यांनी. आणि गंमत म्हणजे नुसते हिरवे कागद ठेवूनही माशी फसते. पुढे २००३ मध्ये त्यांनी उग्र वासाची आणि बिनवासाची रोपं समोरासमोर लावून पाहिली. उग्र वासवाल्यांनी काही जास्त काम केलं नाही.

तेव्हा झेंडू काम करतो, पण ‘झेंडू’ म्हणून नाही; एक हिरवं झुडूप म्हणून. तिथं मेथी असती तरी चाललं असतं.

कोवळीपात
थांबा, थांबा. एका माशीवरून सगळ्या किडींचा निकाल? न्यूकॅसल विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ मध्ये दाखवलं की फ्रेंच झेंडू टोमॅटोवरच्या पांढऱ्या माशीला रोखतो, आणि ते लिमोनीन या त्याच्या वासाच्या द्रव्यामुळे. म्हणजे वासच की! केनियात इसीपे ही कीटक संशोधन संस्था आणि इंग्लंडची रॉथमस्टेड ही शेती संशोधन संस्था यांनी मक्यासाठी बसवलेली ढकल-ओढ पद्धत घ्या : मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक, त्याच्या वासानं खोडकिड्याचा पतंग दूर, कडेनं नेपिअर गवत, तो तिकडे ओढला जातो. वर टारफुला, हे मक्याच्या मुळांवर जगणारं तणही आटोक्यात. हजारो शेतकरी वापरतात. हिरव्या कागदानं टारफुला जाईल का?

भिंगवाला
टारफुल्याला तुम्ही मला धरलंत. कागद मागे घेतो.

न्यूकॅसलचं काम चांगलंच आहे, पण ते काचगृहातलं. तिथं वास कोंडून राहतो. उघड्यावर वारा असतो. त्यांचाच निष्कर्ष होता की झेंडू सुरुवातीपासून हवा, पांढरी माशी माजल्यावर आणून ठेवला तर उपयोग नाही. आपल्यातले बहुतेक जण तो नेमका तेव्हाच आणतात.

सूत्रकृमींचंही, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमींचंही, तेच. झेंडूच्या मुळांतलं अल्फा-टरथायनिल हे द्रव्य त्यांना मारक असतं, हे खरं. पण त्यासाठी पूर्ण वाफ्यात दाट झेंडू दोनेक महिने वाढवून मग त्याच जागी भाजी घ्यायची. कडेच्या चार रोपांनी टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी जात नाहीत.

जुनाफावडा
तुमचे पतंग आणि टक्केवारी चालू दे. मी इतकंच सांगतो : कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांतली चार-चार रोपं उपटू नका, फुलू द्या. त्यांची फुलं बारीक आणि उथळ, त्यामुळे सिरफिड माश्यांना आणि अळ्यांवर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्यांना मध मिळतो. सिरफिडची पोरं मावा खातात. चवळीवर आधी मावा येतो, त्यामागे तो खाणारे ढालकिडे येतात. माव्याला घाबरून चवळीवर फवारलंत की ढालकिडेही गेले. लष्करी अळीला एरंड लावा, मोठ्या पानावर अंड्यांचा पुंजका लगेच दिसतो, पान तोडा, विषय संपला. आणि भाजीभोवती मका दाट लावा. बाहेरून येणारा मावा आधी त्यावर सोंड टेकवतो, सोंडेला चिकटलेला विषाणू तिथंच पुसला जातो.

यात पत्रिका कुठे आली, चिखलपाय?

चिखलपाय
इथं नाही आली, काका. प्रत्येक गोष्टीला कारण दिलंत. माझं भांडण त्या बिनकारणाच्या याद्यांशी आहे.

त्यांची एक जुनी मुळी सांगतो. जैवगतिक (बायोडायनॅमिक) शेतीचे एक प्रवर्तक एरेनफ्रीड फायफर यांनी कॉपर क्लोराइडच्या द्रावणात वनस्पतीचा रस घालून, ते वाळल्यावर स्फटिकांची नक्षी कशी उमटते ते बघायची पद्धत काढली होती. पुढे दोन रोपांचे रस मिसळून नक्षी सुबक आली की मैत्री, विस्कटली की वैर! वाफ्यात कीड मोजायचा प्रश्नच नाही. अशी जमवलेली जोडपी आजही छापली जातात.

असो. भिंगवाल्यांचं मनावर घेतलंय. पुढच्या खेपेला एका वाफ्यात कोबी आणि मधे दाट मेथी, शेजारच्यात नुसता कोबी. दर चार दिवसांनी अंडी-अळ्या मोजून लिहितो.

भिंगवाला
शेजारी-शेजारी नको. मोकळा वाफा जवळच असला की किडे तिकडे सरकतात, आणि फरक आहे त्याहून मोठा दिसतो. निवडायला दुसरं काही नसेल तेव्हा तेच किडे मेथीतल्या कोबीवरही येऊ शकतात. दोन्ही वाफे लांब ठेवा, आणि जमलं तर प्रत्येकी तीन करा. शिवाय मेथी वेळेवर कापा. ती कोबीचं पाणी आणि ऊन खाईल, मग कीड कमी आणि गड्डाही लहान.

चिखलपाय
सहा वाफे? जागा कुठून आणू?

जुनाफावडा
झेंडू उपटा. तुमच्या मते तो बिनकामाचाच ना?

चिखलपाय
तो आता ऐन भरात आलाय हो. राहू दे.