खुब्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : मांडीच्या हाडाचा पीळ आधी मोजून घ्यावा का?

नृत्यपालक_पुणे
नमस्कार मंडळी. माझी मुलगी २४ वर्षांची आहे, लहानपणापासून भरतनाट्यम शिकते. बरेच महिने उजव्या जांघेत दुखतंय. एमआरआयमध्ये लॅब्रम, म्हणजे खुब्याच्या वाटीच्या कडेची गादी, फाटलेलं दिसलं. मांडीच्या हाडाच्या मानेवर उंचवटाही आहे, त्याला कॅम म्हणाले. एका सर्जननी दुर्बिणीतून लॅब्रम शिवून उंचवटा तासायला सांगितलंय. दुसरं मत घ्यायला गेलो, तर त्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं. पावलं आत वळतात हे बघून म्हणाले, "आधी हाडाच्या पिळाचा, म्हणजे मांडीचं हाड स्वतःभोवती किती वळलंय याचा, सीटी करा, मग ठरवू." लहानपणी ती दोन्ही पाय मागे बाजूला टाकून बसायची, मांडी घालायला कायम कुरकुर. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायच्या स्थितीत, गुडघे उघडत नाहीत म्हणून बोलणीही खाल्ली आहेत. या पिळामुळे बरं होण्यात खरंच फरक पडतो का? कोणी यातून गेलंय का? आणि डॉक्टर निवडताना काय विचारावं?

फिजिओ_ठाणे
ताई, सीटी नक्की करून घ्या. जन्मतः हा पीळ ३० ते ४० अंश असतो आणि वाढीच्या वयात कमी होत मोठेपणी १५ च्या आसपास येतो. काहींचा कमी होतच नाही. मग पाय आत सहज वळतो, बाहेर वळताना अडतो. तुम्ही लिहिलेलं सगळं त्याच्याशी जुळतंय. तिने गुरूंचं ऐकलं नाही असं अजिबात नाही, तिचं हाडच तेवढं वळू देत नसेल.

साध्या एक्स-रेवर हे कळत नाही. नुसत्या खुब्याच्या स्कॅनवरही नाही, कारण हाडाची मान आणि गुडघ्याजवळचं टोक यांच्यातला कोन काढायचा असतो. म्हणून स्कॅनमध्ये गुडघ्याच्याही प्रतिमा (काप) हव्यात हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

बरं होण्याबद्दल: पीळ जास्त असेल तर हाडाचा गोळा वाटीत पुढच्या बाजूला झुकतो. पुढचं कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) आणि सोअस स्नायू (कण्यापासून खुब्यापुढून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा) त्याला आवरून धरतात. दुर्बीण घालायला कॅप्सूल कापावंच लागतं. ते परत नीट शिवलं नाही, किंवा खुबा कटकट वाजतो म्हणून सोअसचा कंडराही (हाडाला जोडणारी दोरी) सैल केला, तर खुबा पुढे निसटल्यासारखा वाटतो आणि दुखणं रेंगाळू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत पाय मागे नेऊन बाहेर वळवणं टाळायचं असतं. नृत्य करणाऱ्या मुलीला हे जड जातं, तिच्याशी आधीच मोकळेपणाने बोला.

डोंगरवाट
माझं अगदी उलट होतं. पीळ जवळजवळ नाहीच, पावलं बाहेर पडतात. मांडी आरामात घालायचो, पण उकिडवं बसलं किंवा खालच्या सीटच्या गाडीत शिरलं की जांघेत चिमटा. शस्त्रक्रियेने रात्रीचं दुखणं गेलं, चालणं सुधारलं, खोल वाकताना मात्र अजून अडतं. उंचवटा तासला तरी हाडाची दिशा तीच राहते, त्यामुळे ते वाटीच्या कडेला लवकर टेकतं. हे सर्जननी आधीच समजावलं होतं, म्हणून मी नंतर खचलो नाही.

अस्थिवाचक
आकडा बघून घाबरू नका, एवढंच सांगायचं आहे. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीतल्या २०१५ च्या अभ्यासात ५ अंशांहून कमी पीळ असलेल्यांना इतरांपेक्षा कमी फायदा झाला, पण सुधारणा त्यांचीही झाली. काही अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही. शिवाय हाडाच्या मानेची रेघ कुठून ओढली यावर एकाच स्कॅनमधून १० अंश किंवा त्याहूनही वेगळं उत्तर येऊ शकतं. कोणत्या पद्धतीने मोजलं ते विचारा आणि दुसऱ्या पायाचा आकडाही घ्या.

नृत्यपालक_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. पीळ फारच जास्त निघाला तर? आणि नाच पुन्हा कधी?

फिजिओ_ठाणे
फारच जास्त असेल आणि त्रासाचं मूळ तेच असेल, तर हाड कापून, फिरवून आत रॉड बसवतात. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, हाड जुळेपर्यंत कुबड्या. प्रत्येकाला लागत नाही. पण हा पर्याय हाताळणाऱ्या सर्जनचं मत एकदा घ्याच.

नुसत्या दुर्बिणीनंतर कुबड्या साधारण २ ते ४ आठवडे, पळणं ३-४ महिन्यांनी, अरैमंडी त्याहून उशिरा आणि हळूहळू. तेव्हाही खुबा देईल तेवढंच उघडायचं. गुडघा-घोटा पिळून पाऊल बाहेर काढलं की दुखणं गुडघ्यात उतरतं.

नावं मी सुचवत नाही. प्रत्येक सर्जनना तीन गोष्टी विचारा: कॅप्सूल पूर्ण शिवणार का, सोअसला हात लावणार का, वाटी उथळ तर नाही ना. वाटी उथळ आणि पीळ जास्त, असं दोन्ही असेल तर नुसत्या दुर्बिणीला घाईने होकार देऊ नका. सीटीचा रिपोर्ट आला की इथे टाका, नाव-पत्ता झाकून.