मदत हवी आहे: क्राइस्टचर्चला सहा तास आहेत, आईला पेंग्विन दाखवू का?

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस आईला घेऊन न्यूझीलंडला निघतोय. बहीण डनेडिनला असते, जूनमध्ये तिचं बाळंतपण आहे. अमळनेर ते मुंबई रेल्वेने, मग सिंगापूर, तिथून क्राइस्टचर्च आणि शेवटचा छोटा टप्पा डनेडिन. व्हिसा, तिकिटं झालीत. क्राइस्टचर्चला सकाळी सव्वादहाला उतरतोय, पुढचं विमान सव्वाचारला.

विमानतळाच्या शेजारीच इंटरनॅशनल अंटार्क्टिक सेंटर आहे, टर्मिनलपासून चालत जाण्याएवढं. अमेरिकेची आणि न्यूझीलंडची अंटार्क्टिकाला जाणारी विमानं याच विमानतळावरून उडतात, त्यामुळे ते तिथे आहे. आत पेंग्विन आहेत, एक बर्फाची खोली आहे जिथे वारा सोडून उणे १८ अंशांसारखी थंडी भासवतात, आणि हॅग्लंड नावाच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीतून फेरी मारतात.

आता आईचं. नातवाने तिला मोबाइलवर राणीच्या बागेतले पेंग्विन दाखवले, तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलेत. मागे मुंबईला आली तेव्हा हौसेने भायखळ्याला घेऊन गेलो, तर नेमका बुधवार. बुधवारी बाग बंद असते, मीच पाहिलं नव्हतं. गेटवरून परत आलो. ती एका शब्दाने बोलली नाही, तेच मला जास्त लागलं. परवा तिकिटं दाखवत होतो, तर हळूच विचारते, "तठे पेंग्वीन शेतस ना?"

अडचण अशी की वय ६८, डावा गुडघा बदललेला, आणि निघताना आमच्याकडे ४४ अंश असणार. जाडजूड कोट कुठून आणू? शाल आणि स्वेटर पुरेल का? दुसरं म्हणजे सामान. पहिल्या मुक्कामी बॅगा घेऊन कस्टम्समधून बाहेर पडावंच लागतं, आणि आईची एक बॅग निव्वळ खाण्याची आहे. डिंकाचे लाडू, काळा मसाला, कळण्याचं पीठ. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, तर एकावर एक रचून जुन्या सुती साडीत बांधल्यात, मोडू नयेत म्हणून वर-खाली स्टीलची ताटं. सिक्युरिटीवाल्यांना ती काय वाटतील देव जाणे. यात दोन तास गेले तर पेंग्विन राहिलेच.

जावं, की टर्मिनलमध्येच बसून राहावं?

प्रतिसाद

दादा, जा बिनधास्त. सहा तासांत दोन-अडीच तास सहज निघतात. बर्फाच्या खोलीसाठी कोट आणि बुटांवर घालायची आवरणं तिथेच देतात, विकत घेऊ नका. मावशींना वारा सुरू होईपर्यंत आत ठेवू नका, काचेबाहेरूनही दिसतं. हॅग्लंडचा नाद मात्र सोडा. ती चढ-उतारांवरून दणादण जाते, बदललेल्या गुडघ्याला काय गरज?

खाण्याचं सगळं जाहीर करा, सगळं म्हणजे सगळं. जाहीर केलेल्या वस्तूला दंड नाही, फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर. मध असेल तर घरीच ठेवा. आणि चपला-बूट धुऊन न्या, शेतातली माती लागलेली असली तर तीसुद्धा बघतात.

प्रतिसाद

मला वेगळंच सांगायचंय. तिथले पेंग्विन म्हणजे लिटल ब्लू, जगातली सर्वांत छोटी जात. उंची साधारण ३३ सेंटिमीटर, वजन किलोभर. बरेचसे जखमी होऊन आलेले, समुद्रात परत सोडता न येणारे. आईंच्या मनात टीव्हीवरचे कमरेएवढे असतील तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा भायखळा होईल.

शिवाय तुम्ही चाललात डनेडिनलाच! ओटागो द्वीपकल्पाच्या टोकाला, तायरोआ हेडला, हेच पेंग्विन अंधार पडताना समुद्रातून निघून किनाऱ्यावर चढतात. हिवाळ्यात संख्या कमी असते, पण ते मोकळे असतात. मग पिंजऱ्यातले कशाला?

धागाकर्त्याचं उत्तर

दोघांचेही आभार. तायरोआचं बहिणीला विचारलं, ती म्हणाली की आई बाळाला सोडून रात्रीच्या थंडीत समुद्रावर येणार नाही, विषयच नको. बरोबर आहे तिचं. शेजारच्या लग्नालाही आई कधी बाळंतिणीला सोडून गेलेली नाही. त्यामुळे पेंग्विन बघायचे तर बाळ यायच्या आधीच, म्हणजे क्राइस्टचर्चलाच.

उंचीचंही आईला सांगितलं, हाताने दाखवलं. हसली. "म्हंजे आपली कोंबडीच की!" तरी जायचंय. बिबड्या मात्र जाहीर करायच्या म्हटल्यावर तिला काळजी लागलीय, साहेबाने फोडून बघितल्या तर?

हॅग्लंड रद्द. आता एकच राहिलं: पेंग्विनसमोर टेकायला बाक आहे का? ती उभी राहून दहा मिनिटांच्या वर बघू शकणार नाही, आणि दहा मिनिटांत तिचं समाधान व्हायचं नाही.