मदत हवी आहे: बेसमेंटच्या भिंतीला शटर (काँक्रीटचा साचा) खोलल्यावर उभे तडे

साइटवरचा:
नमस्कार मंडळी. पुण्यात दोन बेसमेंटचं काम चालू आहे. रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) 400 मिमी जाड, एम40 ग्रेडचं काँक्रीट, ओपीसी 53 (साधं पोर्टलँड) सिमेंट घनमीटरला 420 किलो. खालचा राफ्ट (पायाचा सलग स्लॅब) दोनेक महिने जुना. एप्रिलअखेरीस भर दुपारी 24 मीटरचा पट्टा एका दमात ओतला. शटर खोललं तेव्हा भिंत स्वच्छ होती, आठवड्याभरात उभे तडे दिसू लागले. तीन-चार मीटरवर एक. स्टार्टरच्या (भिंतीचा आधी ओतलेला तळाचा बुटका भाग) जरा वरून सुरू होतात, माथ्याआधी विरतात. रुंदी 0.2 ते 0.3 मिमी, दोन्ही बाजूंना एकाच रेषेत, म्हणजे आरपार. भराव अजून टाकलेला नाही.

काँट्रॅक्टर म्हणतो पाणी कमी मारलं, मालक म्हणतात पाया खचला. आडवं स्टील दोन्ही बाजूंना 10 मिमीच्या सळ्या, दर 175 मिमीवर. तडे भरायचं इंजेक्शन आत्ताच करू का? आणि पुढचे पट्टे कसे ओतू?

काळा पाषाण:
पाया खचला असता तर तडे बहुधा तिरपे गेले असते. हे उष्णतेचे तडे आहेत. काँट्रॅक्टरला सांगा, पाणी कितीही मारलं असतं तरी हे टळले नसते.

हिशेब बघा. काँक्रीट 34 अंशांवर ओतलं असं धरू. एवढ्या सिमेंटने आत आणखी तीसेक अंश वाढतात. भिंत गरम असताना फुगते तेव्हा कोवळी असते, त्यामुळे दाब फारसा साठत नाही. थंड होताना मात्र आकसते आणि खाली राफ्ट घट्ट धरून बसलेला. आपल्या बसाल्ट खडीच्या काँक्रीटला अंशाला साधारण 9 मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाखांत 9 भाग) आकसणं, म्हणजे 64 वरून तिशीपर्यंत 34 अंशांची घट = सुमारे 300. राफ्टची अडवणूक निम्मी धरून, क्रीपची (ताणाखाली काँक्रीट हळूहळू सैलावण्याची) सूट वजा करून शंभरेक उरतात. कोवळं काँक्रीट तेवढ्यावर फाटतंच.

स्टील तडा थांबवत नाही, रुंदी आवरतं. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) मधल्या भिंतीच्या छेदाच्या 0.2 टक्के स्टीलच्या अटीत तुम्ही काठावर पास आहात, पण ते किमान झालं. कन्सल्टंटशी बोलून 12 मिमीच्या सळ्या दर 150 मिमीवर करून घ्या. ओपीसी कमी करून निम्मं जीजीबीएस (दळलेली पोलाद-भट्टीची मळी, म्हणजे स्लॅग) घाला, रात्री ओता, पट्टे आखूड ठेवा. एक सोडून एक पट्टा ओतायची पद्धत आपल्याकडे फार लाडकी, पण मधला पट्टा तिन्ही बाजूंनी अडकतो. ओळीने ओता, एक टोक मोकळं राहील.

इंजेक्शनची घाई नको. भिंत पूर्ण निवू द्या, रुंदी स्थिरावू द्या, पण भरावाआधी उरका. जमिनीला लागून असलेल्या भिंतीला तड्याच्या रुंदीची 0.2 मिमीची मर्यादा आहे, त्यामुळे रुंद तडे तसेच सोडू नका. कोरडे असतील तर इपॉक्सी, ओलं झिरपत असेल तर पीयू (पॉलियुरेथेन).

साइटवरचा:
आभारी आहे, काका. जीजीबीएस घातल्यावर शटर दुसऱ्या दिवशी खोललं तर चालेल का?

काळा पाषाण:
स्लॅगची ताकद हळू चढते. क्यूब (त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) फोडून बघा, मग ठरवा. आणि क्युरिंग किमान 10 दिवस, त्यात सूट नाही.